शिडीखालची तार

भाऊजींनी मला एकच सांगितलं होतं, हात लावू नकोस. आणि मी हात लावला. मूर्खपणा केला, हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मध्येच कुणी मला ऐकवायला नको.

माझ्या हातांना खोडच आहे ती. दिवसभर मी दात बनवते. कवळ्या, कॅप, पूल, जे काही लोकांच्या तोंडात बसवायचं असतं ते सगळं. डेंटल लॅबमध्ये एकोणतीस वर्षं झाली. एवढं करून माणसानं घरी येऊन गप्प बसावं, पण नाही. घरी आले की त्याच हातांना जुनी खेळणी लागतात. चाक गेलेली मोटार, चावी हरवलेलं इंजिन, रंग उडालेले बोटाएवढे सैनिक. स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझं टेबल आहे. त्यावर दिवा, भिंग, आणि तीनचार केसांचा एक ब्रश, ज्याला घरात कुणी हात लावला तर मी घर डोक्यावर घेते. सैनिकाचा डोळा रंगवताना श्वास रोखावा लागतो. जरा हात हलला की गडी तिरळा झालाच. असे सात तिरळे माझ्या कपाटात आहेत. लेक त्यांना 'आपले नातेवाईक' म्हणते.

माझा एक नियम आहे आणि तो मी लॅबमधून घरी आणलाय. काढलेलं काही फेकायचं नाही. नवी कॅप पेशंटच्या तोंडात नीट बसेपर्यंत जुनी टाकायची नसते, कारण चुकलं तर परत जायला काहीतरी लागतं. म्हणून खेळण्यातून निघालेला गंजका खिळासुद्धा मी गोळ्यांच्या डबीत ठेवते. सात वारांचे सात खण असतात ना, तसली डबी. वर चिठ्ठी चिकटवते.

तर भाऊजी बुधवारी दुपारी आले. भाऊजी म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, नवऱ्याला ते छोट्या म्हणतात. वय अठ्ठावन्न, धंदा बेकरीचा. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भट्टीचे डाग. बेकरी त्यांनी गेल्या महिन्यात बंद केली होती आणि येत्या मंगळवारी सकाळच्या गाडीने ते लेकीकडे कायमचे राहायला निघणार होते. लांब, एका दिवसात जाऊन येता येणार नाही इतकं लांब. गुडघे गेलेले, त्यामुळे परत येणं कठीणच होतं.

"काय दातवाली, कुणाचे दात पाडलेस आज?" ते दारातूनच म्हणाले. मला ते दातवालीच म्हणतात.

"पाडत नाही, बसवते. या, बसा."

बसले नाहीत. आमच्या घरी ते कधी ऐसपैस बसतच नाहीत, खुर्चीच्या कडेवर टेकतात. त्यांनी हातातली पावाची कागदी पिशवी टेबलावर ठेवली आणि तिच्यातून गाडी बाहेर काढली. पत्र्याची आगगाडी नव्हे, आगीचा बंब. हातभर लांब, लाल, वर शिडी, बाजूच्या बाकड्यांवर चार जवान. रंगाचे टवके गेलेले, एका जवानाला नाक नाही. मी तो बंब आधी कधी पाहिला नव्हता, पण बघताक्षणी ओळखला. आमच्या घरात त्याला न ओळखणारं कुणी नाही.

ती गोष्ट मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितली होती. माझे सासरे खेळण्यांच्या मोठ्या दुकानात विक्रेते होते. हा बंब तिथे काचेच्या कपाटात होता, एकच नग. एका शनिवारी त्यांनी तो मालकांना न विचारता घरी आणला. पोरांनी एकदा डोळे भरून बघावा आणि सोमवारी सकाळी परत कपाटात ठेवावा, एवढाच बेत. सोमवारी सकाळी थोरल्याने शिडी वर केली आणि ती बुडाशी मोडून एका बाजूला लुळी पडली. सासऱ्यांची नोकरी गेली. महिन्याभरात थोरल्याला शाळेतून काढून मामाच्या बेकरीत धाडलं. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. निघताना सासऱ्यांनी बंब त्याच्या पिशवीत कोंबला आणि म्हणाले, "घेऊन जा. जन्मभर बघत बस."

तेव्हापासून त्यांचं नाव मोड्या. सासूबाईंनी माझी ओळख करून दिली तीच मुळी अशी, "आणि हा आमचा मोड्या." चार नातेवाईक जमले आणि कुणाच्या हातून कप पडला, की सगळे म्हणणार, मोड्याचा हात लागला वाटतं! आमची लेक त्यांना मोड्याकाका म्हणते, अगदी लाडाने. ते स्वतःही हसतात. मला वाटायचं, त्यांना गंमत वाटते.

"हात लावायचा नाही," भाऊजी बंबाकडे बघत म्हणाले. "पुसायचासुद्धा नाही. नुसता ठेव. रविवारी अकराला येतो, छोट्या घरी असेल तेव्हा. तुला ह्याच्याबद्दल एक विचारायचंय. तुला जुन्या कामातलं कळतं म्हणून."

"मग आत्ताच विचारा की."

"अंहं. तुम्हा दोघांसमोर. ह्याच्यापायी मी सेहेचाळीस वर्षं नाव लावून फिरलोय, आता चार दिवसांनी काय होतंय? पण मंगळवारनंतर विचारणं राहूनच जाईल, एवढं लक्षात ठेव." एवढं बोलून ते पाणीही न पिता निघाले.

मी बंब फडताळात ठेवला आणि दार लावून घेतलं. गुरुवारी सकाळी उघडलं. नुसतं बघायला. दुपारी लॅबमध्ये कुणाच्या तरी दाढेचं मेण कोरताना माझ्या डोक्यात तो नाक नसलेला जवान. संध्याकाळी परत दार उघडलं. शिडीचं बूड वेडंवाकडं होतं, तिथे रंगाचा गोळाच थापलेला. असलं काम डोळ्यांसमोर असलं की माझा जीव खालीवर होतो. जिभेला दातात अडकलेलं काही लागावं आणि ती सारखी तिथेच जावी, तसं झालं मला. हात नुसते शिवशिवत होते.

नवरा गुरुवारी वर्कशॉपमधून आला तेव्हा मी बंब हातात धरून उभी होते. नवरा मोटरींचं वाइंडिंग करतो. पंप, पंखे, मिक्सर, जळालेलं काहीही. दारात चप्पल काढता काढता तो थांबला.

"हा कुणी आणला?"

"भाऊजींनी. रविवारी येणारेत. काहीतरी विचारायचंय म्हणे दोघांसमोर."

"काय विचारायचंय?"

"मला काय माहीत? सांगितलं नाही."

तो एक चप्पल पायात तशीच ठेवून मोरीकडे गेला. जेवताना भाजीत मीठ नव्हतं, मलाच पहिल्या घासाला कळलं, तो काही बोलला नाही. एरवी मीठ कमी पडलं तर भाषण ऐकावं लागतं.

शुक्रवारी सकाळी मात्र कमाल झाली. सत्तावीस वर्षांत ज्याने माझ्या टेबलाकडे ढुंकून पाहिलं नाही, तो माणूस माझ्यासाठी चहाचा कप घेऊन टेबलाशी आला. कप ठेवला. बंब बघितला.

"फार जुना झालाय गं," म्हणाला. "दादा निघालाय कायमचा. जाण्याआधी नवा करून दे की त्याला. खूश होईल."

"हात लावू नको म्हणालेत."

"तसं तो म्हणणारच. संकोची आहे. तुला त्रास नको, म्हणून म्हणाला असेल."

आता मला सांगा, आधीच हात शिवशिवत असलेल्या बाईला आणखी काय पाहिजे? आणि संध्याकाळी तो स्वतः लाल रंगाचा छोटा डबा घेऊन आला. बंबाच्या लालीशी बरोब्बर जुळणारा. मी तर विरघळलेच. म्हटलं, बघा, इतक्या वर्षांनी का होईना, माणसाला माझ्या छंदाची किंमत कळली. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

बसले कामाला. एक सवय माझी त्या घाईत सुटली. कुठलंही खेळणं उघडण्याआधी मी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढते, ते काढलेच नाहीत. आधी शिडीचं बूड घेतलं. कापूस अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून त्या गोळ्यावर फिरवला, तर कापूस लगेच लालगुलाबी. कारखान्यातला भट्टीत भाजलेला रंग असा एका हातात सुटत नाही. मी वास घेतला, परत कापूस फिरवला, आणि हसायलाच लागले.

"अहो, नेलपॉलिश फासलंय कुणीतरी!"

नवरा मागे येऊन उभा राहिला होता, ते मला कळलंच नव्हतं. नेलपॉलिश सगळं निघालं आणि खाली बारीक तांब्याची तार दिसली. शिडीच्या बिजागरीचा कान मोडलेला होता आणि तो तारेने आवळून बांधला होता. वेढ्याला वेढा लागून, मध्ये फट नाही. मी चिमट्याने ती तार हळूच सरकवून अख्खी बाहेर काढली, एखादं कडं काढावं तशी.

"काय आहे ते?" नवऱ्याने विचारलं.

"जुगाड केलाय कुणीतरी. पण व्यवस्थित केलाय हं."

"टाकून दे."

"मी काही टाकते का कधी?" मी तार डबीच्या एका खणात ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, शिडीखालची तार. तो थोडा वेळ तिथेच घुटमळला, मग बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने बातम्यांचा आवाज मोठा केला.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळी आठला बसले ती पाचला उठले. मोडक्या कानाला नवा पत्रा कापून लावला, सोल्डरने जोडला, दातांच्या पॉलिशच्या चाकाने असा घासला की सांधा बोटालाही लागू नये. रंगाचे तीन पातळ हात. जवानांना नवे चेहरे. ज्याला नाक नव्हतं त्याला नाक दिलं, मिशाही दिल्या, आणि आठही डोळे सरळ आले. शिडी तर अशी वर जायची, लोण्यासारखी. कुणी म्हणणार नाही की हा बंब कधी मोडला होता. मी एवढी खूश होते की संध्याकाळी नवऱ्याला तीनदा शिडी वरखाली करून दाखवली. तो म्हणाला, "छान. आता काही दिसत नाही."

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला माझ्या टेबलावरच्या दिव्याने मान टाकली. मोडकं काहीही असलं की आमच्या घरात एकच औषध, नवऱ्याची तार. केरसुणीचा दांडा, गाळणी, माझ्या जुन्या चष्म्याची काडी, सगळं त्याने तांब्याच्या तारेने बांधलेलं आहे. मी दिवा धरला आणि तो वेढे घ्यायला लागला. माझा नवरा डावखुरा आहे. वर्कशॉपमधली बाकीची माणसं वेढे घेतात त्याच्या बरोबर उलटे त्याचे वेढे जातात. आणि शेवटचं टोक तो कापत नाही. शेवटच्या वेढ्याखालून मागे ओढून घेतो आणि अंगठ्याच्या नखाने दाबून टाकतो, म्हणजे कुणाला टोचत नाही. हे मी हजार वेळा पाहिलंय.

ह्या वेळी मात्र माझी नजर त्या टोकावरच अडकली.

दिवा त्याच्या हातात सोडून मी डबी उघडली. तार भिंगाखाली धरली. वेढे उलटे. टोक मागे ओढलेलं, शेवटच्या वेढ्याखाली, दाबून चपटं केलेलं. जरा ओबडधोबड, लहान हाताचं काम. पण हात तोच.

"ही तार तुमची आहे," मी म्हटलं.

तो दिव्याची मान सरळ झाली का, ते बघत राहिला.

"मी विचारतेय. तुमची आहे ना?"

"आठ वर्षांचा होतो मी."

मग त्याने सांगितलं, तेही भिंतीकडे बघून. रविवारची दुपार होती, सगळे झोपलेले. ह्याने शिडी वर केली आणि कडकन कान तुटला. खालच्या मजल्यावर मोटरी दुरुस्त करणारा होता, त्याच्या दाराशी पडलेली तार ह्याने उचलून आणली. आईचं नेलपॉलिश घेतलं, दोन हात दिले. वाटलं, निभावलं. आणि सोमवारी सकाळी दादाने शिडीला हात लावला.

"मी बोलणारच होतो गं," तो म्हणाला. "बाबांचा हात उठला आणि माझी जीभ आतच राहिली. मग दादा गेला. मग कुणी विचारलंच नाही कधी."

"कुणी विचारलं नाही? त्यांना सगळं जग मोड्या म्हणतंय! तुमच्यासमोर, सेहेचाळीस वर्षं! तुमची पोरगी म्हणते! आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात?"

"आता काय त्याचं? तू केलंस ना नीट. संपलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो चहा. तो लाल रंगाचा डबा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझे हात वापरून ह्या माणसाने आपली चोरी झाकून घेतली होती, आणि मी मूर्ख, तीनदा शिडी वरखाली करून दाखवत होते! मला त्याचा राग आला, त्याहून जास्त माझाच आला. त्याने फूस दिली हे खरं, पण हात लावू नको म्हटलेलं ऐकलं मीच होतं.

"तुम्ही सांगायचं त्यांना," मी म्हटलं. "आज. मंगळवारी ते जातायत."

"नको."

"मग मी सांगते."

"नको गं," तो म्हणाला. तेवढ्यात घंटा वाजली. अकराला दहा कमी होते. भाऊजींना बेकरीमुळे लवकर यायची सवय आहे.

ते आत आले ते सरळ टेबलाकडे गेले. बंब बघितला. हात पुढे केला आणि मागे घेतला. मी आयुष्यात बरेच पेशंट पाहिलेत, आरशात नवे दात बघून हिरमुसणारे. पण असा चेहरा नाही पाहिला.

"रंगवलास होय," ते म्हणाले.

"चुकलंच माझं, भाऊजी. तुम्ही नको म्हणाला होतात."

"नाही नाही. छान केलायस. मिशा पण दिल्यास की ह्याला." ते हसले. मग खुर्चीच्या कडेला टेकले आणि बंबाची शिडी एका बोटाने उचलून बघायला लागले. ती आपली लोण्यासारखी वर गेली. त्या क्षणी ती शिडी माझ्या हाताने परत मोडावी असं वाटलं मला.

"काय विचारायचं होतं?" मी म्हटलं. नवरा खिडकीशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून.

"आता काय उपयोग? पण सांगतो." भाऊजींनी शिडी खाली केली. "माळा रिकामा करताना हा हाती लागला. मामाकडे गेल्यापासून मी ह्याला पिशवीतून काढलाच नव्हता. बघवायचंच नाही. तर इथे, शिडीच्या बुडाशी, टवका गेला होता आणि आत काहीतरी चमकत होतं. तांब्यासारखं. माझे डोळे हे असे. मनात आलं, हे आधीच कुणी बांधलेलं होतं की काय? मी हात लावायच्या आधीच शिडी मोडलेली होती की काय? म्हटलं, दातवालीला कळेल. तू दात बघून सांगतेस ना, आधी कुणी काम केलंय ते."

मी नुसती मान हलवली.

"त्याचं काय आहे," भाऊजी म्हणाले, आता माझ्याशी नाही, बंबाशी बोलत, "मला पहिली दोनतीन वर्षं पक्कं ठाऊक होतं, की मी हळूच उचलली होती. अगदी हळू. पण मोड्या मोड्या ऐकून ऐकून मला वाटायला लागलं, की ओढली असेल मी जोरात. आपल्याला आठवत नसेल. बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या पायाशी माफी मागितली. मागितली, पण मला कळत नव्हतं कशाची. मला कुणाचं नाव नको होतं गं. मी नव्हतो, एवढं कळलं असतं ना, तर बरं झालं असतं."

खिडकीशी नवऱ्याची पाठ होती तशीच होती.

डबी माझ्या हाताशी होती. मी झाकण उघडून तार भाऊजींसमोर ठेवू शकत होते. तोंडाशी आलंही होतं सगळं. पण माझ्या हातांनी त्या आठवड्यात आधीच नको ते करून ठेवलं होतं, आणि हे काम माझं नव्हतं. मी डबी उचलली, खिडकीशी गेले, आणि नवऱ्याच्या डाव्या हाताजवळ कट्ट्यावर ठेवली. चिठ्ठी वर येईल अशी.

"मी चहा टाकते," मी म्हटलं.

आमचा गॅस आणि ती खिडकी ह्यात एक कपाट आहे फक्त. मी त्याच्याआड उभी राहिले. चहा टाकलाच नाही, नुसतं पाणी ठेवलं. कपबश्या काढल्या, परत ठेवल्या, परत काढल्या. मला बसवेना, उभं राहवेना. पलीकडून काही आवाज नाही. पाणी उकळायला लागलं आणि मी मनात म्हटलं, हा माणूस आज बोलला नाही, तर मी ह्याच्याबरोबर पुढे कशी राहणार आहे? आणि मग डबीच्या झाकणाचा टक् असा आवाज आला.

मी कपाटाआडून डोकावले. नवरा टेबलाशी येऊन भाऊजींसमोर बसला होता. त्याने जुनी तार टेबलावर ठेवली. मग खिशातून नव्या तारेची गुंडाळी काढली, माझी एक पेन्सिल घेतली, आणि तिच्यावर वेढे घ्यायला लागला. डाव्या हाताने. उलटे. वेढ्याला वेढा लावून. कुठे फट पडत नव्हती. आठ वेढे झाले. टोक मागे ओढलं, शेवटच्या वेढ्याखालून घेतलं, नखाने दाबलं. पेन्सिलीवरून ते काढलं आणि जुन्या तारेशेजारी ठेवलं.

भाऊजींनी भिंग घेतलं. बराच वेळ बघितलं. एकदा हे, एकदा ते.

"रविवारी दुपारी," नवरा म्हणाला. "तुम्ही सगळे झोपला होतात. मी मोडली, दादा. तू नाही."

"मी नाही?"

"तू नाही. तू हळूच उचलली होतीस. मी दाराआडून बघत होतो."

भाऊजींनी भिंग खाली ठेवलं. "हळूच ना?" त्यांनी विचारलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण बारा वर्षांच्या मुलाने विचारावं तसं विचारलं.

"अगदी हळू."

मला वाटलं, आता ते ओरडतील, कानाखाली देतील. द्यायला हवी होती, मी असते तर दिली असती. त्यांनी नुसते दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून धरले, भट्टीची धग लागल्यावर धरावेत तसे. नवरा समोर बसून रडत होता, आवाज न करता. मी गॅस बंद केला. चहा कुणालाच नको होता.

थोड्या वेळाने भाऊजी उठले. जुनी तार त्यांनी परत डबीत ठेवली, झाकण लावलं आणि डबी खिशात टाकली.

"दातवाली, हे मी नेतो. चालेल ना?"

"आणि बंब?"

"तो तुमच्याकडेच राहू दे. छोट्याला समोर दिसेल असा ठेव कुठेतरी." दारात त्यांनी चपला घातल्या, एका हाताने भिंत धरून. मग मागे न बघता म्हणाले, "मंगळवारी साडेसहाला ये रे. माझं सामान जड आहे."

"येतो, दादा."

ते गेले. बंब टेबलावर होता. माझे हात मांडीवर गप्प पडले होते, त्यांना काही नको होतं. इतक्यात फोन वाजला. लेकीचा होता. मी तो उचलून स्पीकरवर ठेवला, कारण कानाला धरायचंही त्राण नव्हतं.

"आई, मोड्याकाका आले होते का गं? निघाले का? माझं बोलणं झालं नाही त्यांच्याशी."

नवऱ्याने टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"नुसतं काका म्हण," तो म्हणाला. "मोड्या मी आहे. थांब, सांगतो."

आणि त्याने लेकीला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.